मोबाईल बघूक कॉलेज कशाक व्हया?

मे महिन्यातला शनिवार होता. कणकवलीतल्या माझ्या करिअर समुपदेशनाच्या खोलीत देवगड तालुक्यातले एक बागायतदार लेकीला घेऊन आले. बोटांवर आंब्याच्या चिकाचे काळे डाग, आणि खिशातला फोन दर पाच मिनिटांनी वाजत होता, कारण रात्री वाशीच्या बाजाराचा ट्रक भरायचा होता. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, माका एक सांगा, मोबाईल बघूक कॉलेज कशाक व्हया?"

हा प्रश्न मला दर वर्षी येतो. कधी आई विचारते, कधी मामा. मुलाला किंवा मुलीला डिजिटल मीडिया शिकायचाय म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा रील येते आणि पाठोपाठ बेकारी. ही मुलगी बारावी कॉमर्स झालेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) इन्स्टाग्रामवर तिच्या मालवणी रील्सना अकरा हजार फॉलोअर्स होते. वडिलांना ती नर्स व्हायला हवी होती. का, तर "नर्स खंयव जगता," म्हणजे कुठेही.

मलाही आधी वाटलं होतं, हिला लोकांनी ओळखायला हवंय, बस. तो माझा अंदाज चुकीचा होता. ट्रकवाल्याचा फोन घेऊन वडील बाहेर गेले आणि मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी मालवणीत बोलते कारण तिथे मला भीती वाटत नाही. मुंबईच्या वर्गात सगळे इंग्रजीत बोलणार. मी तोंड उघडलं की हसतील." म्हणजे घरात भांडण कोर्सवरून चाललेलं आणि पोटातली भीती वेगळीच. अशा वेळी मी कोर्सचं माहितीपत्रक बाजूला ठेवते.

तिला धीर द्यावा म्हणून मी बाळशास्त्री जांभेकरांना मदतीला बोलावलं. त्यांचं गाव पोंभुर्ले तिच्याच तालुक्यातलं. त्यांनी 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी असत, असं मी रंगून सांगत होते. ती म्हणाली, "माहितीये. त्या दिवशी शाळेत तीन वर्षं मीच भाषण केलंय." माझी बोलती बंद. पण जरा थांबून तीच म्हणाली, "दोन स्तंभ होते ते मात्र भाषणात कधी नव्हतं."

वडील परत आल्यावर मी तिला एक रील दाखवायला सांगितली. किनाऱ्यावरच्या एका होमस्टेची होती, छान जमलेली. मी विचारलं, "पैसे घेतलेस?" म्हणाली, "नाही, आम्ही दोन दिवस फुकट राहिलो फक्त." मग रीलवर ती जाहिरात असल्याचं का लिहिलं नाही? तिला प्रश्नच कळला नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले. पैसेच नव्हे, फुकट वस्तू किंवा फुकट मुक्काम घेतला तरी प्रेक्षकाला ते स्पष्ट दिसलं पाहिजे. वडील एकदम सावरून बसले. "म्हणजे माल दाखवताना खोटा बोलाचा नाय, असाच ना?" त्यांच्या धंद्याच्या भाषेत त्यांना ते माझ्याआधी कळलं.

मी त्यांना सांगितलं, या कोर्समध्ये शिकायचं ते हेच. आपल्या सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात. तिथे या पदवीला बीएएमएमसी म्हणतात, म्हणजे मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनमधली बी. ए. जुने लोक अजून बीएमएमच म्हणतात. बारावी कुठल्याही शाखेची चालते. बातमी लिहिणं, संपादन, माध्यमांचे कायदे, जाहिरात, लोकांचं मत कसं मोजायचं, असं बरंच त्यात येतं. कॅमेरा आणि ॲप यांचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी. ॲप दर दोन वर्षांनी बदलतं. ते यूट्यूबवर फुकट शिकता येतं आणि त्यासाठी तीन वर्षांची फी भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोकरीबद्दल मी गोड बोलले नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, बहुतेक कामं मुंबई-पुण्यात, आणि पहिलं वर्ष दुसऱ्याच्या पोस्टखाली ओळी लिहिण्यातच जातं. त्या ओळी आता एआयही लिहितं. माणसाला गाठून त्याच्याकडून माहिती काढणं आणि ती खरी की खोटी हे तपासणं, हे ज्याला जमतं त्याला काम मिळत राहतं, असं मी पाहिलंय.

मग तीन आठवड्यांचं काम दिलं. एक तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. त्यात तिचा चेहरा नको. निदान तीन माणसांशी बोलायचं आणि एक तरी गोष्ट कागदावर तपासायची. विषय तिने निवडला: परराज्यातला आंबा 'देवगड' छापलेल्या पेटीत भरून विकतात तो.

इथून पुढचं मला तिनेच सांगितलं. पहिला जाब तिने घरातच विचारला. पप्पांनी ठासून सांगितलं की जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, देवगडच्या हापूसला मिळालाय. तिने नोंदणीचा कागद शोधला. 2018 मध्ये हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. जेवताना तिने तो कागद पुढे ठेवला. वडील म्हणाले, "पाच जिल्हे? मगे आमचा काय रवला?" आणि ताटावरून उठले. दोन दिवस अबोला. तिने मला रडत फोन केला, काढून टाकू का ते? मी म्हटलं, कागद खरा आहे ना? मग राहू दे.

तिसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनीच तिला अढीजवळ नेलं आणि साल, देठ, वास यांवरून आपला आंबा कसा ओळखायचा ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं. वर वाशीतल्या एका ओळखीच्या दलालाचा नंबर दिला, "ह्येका विचार, पण माझा नाव सांगा नको." माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं, हा धडा पत्रकारितेच्या वर्गात यायच्या आधी घरच्या अढीवर झाला!

तिचा व्हिडिओ काही फार चालला नाही. रील्सच्या मानाने निम्म्या लोकांनीही पाहिला नसेल. तरी तिला पुढचा विषय सुचला होता, आणि मी नेमकी तीच खूण शोधत असते. व्हिडिओ पडल्यावर ज्याला दुसरा करावासा वाटत नाही, त्याला मी दुसरी वाट दाखवते. नर्सिंगसुद्धा.

इंग्रजीचं काय केलं? मुंबईतल्या काही कॉलेजांत हा अभ्यासक्रम मराठीतून शिकता येतो. प्रवेशाआधी कॉलेजात स्वतः जाऊन विचारायचं, वर्ग या वर्षी चालू आहे का आणि पेपर मराठीत लिहिता येतो का, एवढं मी तिला बजावलं. शिवाय मावशी डोंबिवलीला, त्यामुळे राहायची चिंता नव्हती. फीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कुठली शिष्यवृत्ती बसते ते तिने कॉलेजच्या खिडकीवरच तपासून घेतलं. पदवीनंतर पत्रकारितेसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा अमरावतीचं आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्थान) या वाटा आहेत, पण तो विचार आता नको म्हटलं.

दिवाळीत ती येऊन गेली. इंग्रजी वाचनाचा एक पेपर अजून अडतोय, वर्गात हसणारे दोघे भेटलेच, आणि त्यातल्या एकाला ती सध्या मालवणी शिकवतेय. वडील पाहुण्यांना "बी. ए. करता" एवढंच सांगतात. आणि पेटीच्या गिऱ्हाइकांना तो व्हिडिओ पाठवतात, खाली लिहून की आवाज माझा आहे.