गिनी पिगचं पोट अचानक फुगलं आणि काही तासांत तो गेला. माझं काही चुकलं का? त्याच्या जोडीदाराला कसं सांभाळू?

तुमच्या प्रश्नात लिहिलंय त्यावरून क्रम असा दिसतो: रात्री तो नेहमीसारखा खायला आला. सकाळी अंग फुगवून कोपऱ्यात बसला होता आणि पोट टणक लागत होतं. तुम्ही बाळांचे गॅसचे थेंब दिले, पोट चोळलं, सिरिंजने पातळ खाणं भरवलं. दुपारी डॉक्टरकडे नेताना तो गेला.

इतक्या झपाट्याने जीव जातो तेव्हा बहुतेकदा जठर गॅसने फुगून त्याला पीळ पडलेला असतो. एक्स-रे किंवा शवविच्छेदन झालेलं नसल्यामुळे खात्री देता येणार नाही. पण तसंच असेल, तर पहाटे दवाखाना गाठला असता तरी आशा फार थोडी होती. पीळ पडला की जठराचा रक्तपुरवठा तुटतो. फुगलेलं जठर एकीकडे श्वास कोंडतं, दुसरीकडे मोठ्या रक्तवाहिन्या दाबतं आणि प्राणी शॉकमध्ये जातो, म्हणजे रक्ताभिसरण कोसळतं. गिनी पिगला उलटी करता येत नाही, त्यामुळे तोंडावाटे सुटकाही नाही. शस्त्रक्रिया करतात, पण त्यातून वाचणारे मोजकेच.

थेंबांनी काही बिघडलं नसणार. त्यातलं सिमेथिकोन रक्तात शोषलं जात नाही, ते फक्त बारीक बुडबुडे फोडतं. पीळ पडून अडकलेल्या गॅसपुढे त्याचा इलाज चालत नाही, इतकंच. (बाळांच्या काही थेंबांत तेलं आणि साखरही असते, म्हणून लेबल वाचून नुसतं सिमेथिकोन असलेलेच घ्यावेत आणि मात्रा डॉक्टरांना विचारावी.) हलक्या हाताने चोळल्यानेही पीळ पडत नाही. भरवणं मात्र त्या क्षणी योग्य नव्हतं. त्यानेच तो गेला असं मी म्हणणार नाही, पण कधी भरवायचं आणि कधी नाही यातला फरक त्याच्या जोडीदारासाठी तुम्हाला माहीत असायलाच हवा.

खाणं बंद झालेला गिनी पिग दोन अवस्थांत असू शकतो. एकात आतडं मंदावलेलं असतं: लेंड्या लहान, कोरड्या, कमी होतात, पण पोट मऊच राहतं. इथे भरवणं हाच उपचार. हे प्राणी दिवसभर थोडं थोडं खाणारे. आतड्यातली सीकम नावाची मोठी पिशवी सतत तंतू आंबवत असते, आणि वरून चारा आला नाही की सगळी हालचाल थंडावते, नको ते जंतू वाढतात, गॅस होतो, यकृतावर चरबी साठते. म्हणून 'उद्यापर्यंत बघू' इथे चालत नाही. दुसऱ्या अवस्थेत पोट ताणलेलं, टणक असतं. आत जागाच नसते, वाट बंद असू शकते, आणि वरून घातलेला प्रत्येक मिलिलिटर ताण वाढवतो. तेव्हा तोंडाने काहीही द्यायचं नाही, थेट दवाखाना.

हे ओळखायचं हाताने. एक हात छातीखाली ठेवून त्याला किंचित उचला, दुसऱ्या हाताची बोटं शेवटच्या फासळीच्या मागे दोन्ही बाजूंनी अलगद लावा. निरोगी पोट मळलेल्या कणकेसारखं दबतं. फुगलेलं बोटांना उलट ढकलतं, टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो आणि प्राणी कळवळतो. सोबत दात कराकरा खाणं, डोळे अर्धे मिटणं, भरभर श्वास, कान आणि पाय गार पडणं यातलं काही दिसलं की घड्याळ बघत बसू नका. गुदद्वारातलं तापमान साधारण ३७.२ ते ३९.५ अंश सेल्सियस असतं, त्याखाली घसरणं वाईट लक्षण. आठवड्यातून एकदा धडधाकट असतानाच पोट चाचपा, म्हणजे हाताला नेहमीचं पोट कसं लागतं ते माहीत राहील.

निघायच्या आधी फोन करून गिनी पिग बघतात का आणि एक्स-रेची सोय आहे का ते विचारा. पेटीच्या एका अर्ध्या भागात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, दुसरा अर्धा मोकळा, म्हणजे नको झालं तर त्याला सरकता येईल. शेवटचं कधी खाल्लं आणि शेवटच्या लेंड्या कधी दिसल्या ते लिहून न्या.

तिथे क्रम साधारण असा हवा: वेदनाशामक, ऊब, कातडीखाली कोमट सलाईन आणि लवकरात लवकर एक्स-रे. आतडं हलवणारी औषधं अडथळा किंवा पीळ नाही याची खात्री झाल्यावरच. जठर फार फुगलं असेल तर नळीने किंवा सुईने गॅस काढतात. हे घरी करायचं काम नव्हे. अँटिबायोटिक लिहून दिलंच तर नाव विचारा. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही तोंडाने दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरून विषारी जंतू माजतात आणि प्राणी त्यानेच जाऊ शकतो. पीळ स्पष्ट दिसला आणि डॉक्टरांनी शांतपणे झोपवण्याचा पर्याय सुचवला, तर तो हार मानणं नाही. त्या वेदनेत तास काढायला लावणं जास्त क्रूर आहे.

पोट मऊ आहे आणि डॉक्टरांनी भरवायला सांगितलंय, तर किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ८० मिली पातळ खाणं लागतं. एक किलोच्या प्राण्याला दर वेळी १० मिली धरलं तर पाच ते आठ फेऱ्या, रात्रीची एक धरून. गवतापासून बनवलेली आजारी प्राण्यांची पावडर नसेल तर त्याचेच पेलेट (विकत मिळणारं दाणेदार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून बारीक घोटून घ्या. १ मिलीची सिरिंज समोरच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूने सरकवा, एका वेळी अर्धा मिली, तो चावून गिळेपर्यंत थांबा. उताणा धरून कधीच नाही, खाणं फुफ्फुसात जातं. व्हिटॅमिन सी त्याच्या अंगात बनत नाही, ते किलोमागे रोज १० ते ३० मिग्रॅ पोटात जायला हवं. तो आपणहून वाळलं गवत खाऊ लागेपर्यंत आणि वजन स्थिर होईपर्यंत हे सुरू ठेवायचं.

आता कारणाबद्दल. अचानक भरपूर ओला पाला, कापून ढिगात ठेवलेलं आणि गरम झालेलं गवत, कोबी-फ्लॉवरचा मारा, वाळलं गवत कमी आणि पेलेट जास्त, हे नेहमीचे संशयित. आतडं मंदावण्यामागे अनेकदा दातांचं दुखणं, मूत्राशयातला खडा किंवा मादीत अंडाशयातली गाठ असते. जठराला पीळ पडण्याचं कारण मात्र बरेचदा सापडतच नाही. त्यामुळे आदल्या रात्री दिलेलं काकडीचं एक काप गुन्हेगार ठरवू नका. (पुढे कधी कारण जाणून घ्यावंसं वाटलं तर देह फ्रीजमध्ये ठेवून लवकरात लवकर शवविच्छेदनाला न्यावा. फ्रीझरमध्ये नको, गोठल्यावर पेशी फुटतात आणि नीट तपासता येत नाहीत.)

जोडीदाराकडे आजपासूनच लक्ष द्या. सोबती गेल्यावर काही जण खाणं कमी करतात, आणि वर सांगितलेलं चक्र तिथूनच सुरू होतं. दोन आठवडे रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ३० ग्रॅमची घट दिसली तर लक्ष वाढवा, ५० ग्रॅमच्या पुढे गेली किंवा बारा तासांत खाणं-लेंड्या दोन्ही थांबल्या तर दाखवून आणा. सध्या खाण्यात नवं काही नको: वाळलं गवत हवं तेवढं, पेलेट दिवसाला एक-दोन चमचे, पालेभाजी नेहमीचीच. जुनी फडकी एकदम धुऊन टाकू नका, ओळखीचा वास असू द्या.

एकटा ठेवायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ठेवू नका. हा कळपाचा प्राणी आहे, माणसाची सोबत त्याला पुरत नाही. तुम्हाला स्वतःला वेळ हवा असेल तर घ्या, पण त्याच्यासाठी काही आठवड्यांपेक्षा जास्त लांबवू नका. नवा आणलात की आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडी वेगळी, हात धुऊनच इकडून तिकडे जायचं. भेट घालायची ती दोघांनाही अनोळखी जागेत, मधे गवताचा मोठा ढीग आणि दोन्हीकडून उघड्या असलेल्या लपायच्या जागा ठेवून. गुरगुरणं आणि एकमेकांवर चढणं चालेल, रक्त निघालं तर वेगळे करा.