फ्लेचर हेंडरसन: अरेंजर म्हणून त्याने नक्की काय केलं, आणि त्याच्या पद्धतीने कसं लिहायचं

प्रश्न दोन आहेत. 'स्विंगचा' (1930 च्या दशकातल्या नाचाच्या जॅझचा) राजा म्हणून ओळखला जातो क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन, मग जाणकार श्रेय पियानोवादक आणि बँडप्रमुख फ्लेचर हेंडरसनला का देतात? आणि कॉलेजच्या बँडसाठी त्या धाटणीचं लिहायचं तर सुरुवात कुठून करायची?

आधी एक गैरसमज दूर करतो. 1920 च्या दशकातल्या हेंडरसनच्या रेकॉर्ड ऐकून अरेंजिंगला (कोणत्या वाद्याने काय वाजवायचं हे लिहिण्याला) दाद द्याल, तर ती बहुतेक वेळा त्याच्याच बँडमधल्या डॉन रेडमनची आहे. हेंडरसन जॉर्जियातल्या कथबर्टचा, जन्म 1897 चा. अटलांटा युनिव्हर्सिटीची रसायनशास्त्राची पदवी घेऊन 1920 मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि पियानोवरच पोट भरू लागला. 1924 मध्ये त्याच्या बँडला न्यूयॉर्कचा रोझलँड बॉलरूम (नाचघर) मिळाला, त्याच वर्षी ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग येऊन वर्षभर राहिला. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स होताच. ब्रास (ट्रंपेट, ट्रॉम्बोन) एका बाजूला, सॅक्स आणि क्लॅरिनेट दुसऱ्या बाजूला, मधे सोलो, ही मांडणी या बँडसाठी रेडमनने घडवली. 1927 मध्ये रेडमन मॅकिनीज कॉटन पिकर्स या बँडकडे गेला. पुढे काही काळ हेंडरसनसाठी बेनी कार्टरने लिहिलं.

1928 मध्ये केंटकीत हेंडरसनच्या मोटारीला अपघात झाला. त्यानंतर धंद्यातलं त्याचं लक्षच उडालं, असं त्याची पत्नी लिओरा सांगत असे. माझ्या मते ते अर्धंच कारण. शिस्तीत तो मुळातच ढिला होता, आणि नंतर मंदीही आली. पण याच पडत्या काळात तो स्वतः नेटाने लिहू लागला. सप्टेंबर 1934 मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेल्या 'रॅपिन इट अप' आणि 'डाउन साउथ कॅम्प मीटिन' या रेकॉर्ड म्हणजे अरेंजर हेंडरसनचा कळस. त्या वर्षाअखेर बँड मोडला.

नेमकं डिसेंबर 1934 मध्ये गुडमनला एनबीसीचा 'लेट्स डान्स' हा रेडिओ कार्यक्रम मिळाला. दर आठवड्याला नवे चार्ट (लिहिलेल्या अरेंजमेंट) हवे होते. रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडच्या आग्रहाने त्याने ते हेंडरसनकडून विकत घ्यायला सुरुवात केली. 'किंग पोर्टर स्टॉम्प' गुडमनने 1 जुलै 1935 ला रेकॉर्ड केलं, आणि 21 ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये लोकांनी डोक्यावर घेतलं ते याच चार्टना. हेंडरसनच्या 1936 च्या नव्या बँडचं 'ख्रिस्तोफर कोलंबस' गाजलं, पण तोही टिकला नाही. 1939 मध्ये तो गुडमनकडेच अरेंजर म्हणून लागला. 1950 मध्ये पक्षाघात झाला, 1952 मध्ये गेला.

त्याचं वेगळेपण माझ्या मते गाळण्यात आहे. रेडमन दर आठ बारांत (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) नवी करामत दाखवतो. हेंडरसन एक साधी, गाता येणारी ओळ धरतो आणि पूर्ण सेक्शनला (एका जातीच्या वाद्यांच्या गटाला) एका गळ्याने गायला लावतो.

ते करायचं असं. सॅक्स चार: दोन आल्टो, दोन टेनर. चाल लीड (पहिल्या) आल्टोला, बाकी तिघे त्याच तालात, एका सप्तकाच्या आत. सी कॉर्डवर चालीत सी-डी-ई असेल तर वरून खाली: सी-ए-जी-ई, मग डी-बी-ए फ्लॅट-एफ, मग ई-सी-ए-जी. मधला स्वर कॉर्डबाहेरचा, म्हणून त्याच्याखाली डिमिनिश्ड कॉर्ड (अस्थिर, पुढे ओढणारा). एवढ्याने ओळ पुढे सरकते. तिथेही सी कॉर्डच ठेवलात तर ती जागीच अडखळते.

ही वाद्यं लिहिलेल्या स्वरापेक्षा खालचा स्वर वाजवतात, म्हणून ट्रान्सपोज करताना आल्टोचा पार्ट मेजर सिक्स्थने वर, टेनरचा मेजर नाइन्थने वर, ट्रंपेट आणि क्लॅरिनेटचा एका होल टोनने वर. टेनरही होल टोननेच वर लिहिला तर तो एक सप्तक खाली वाजतो आणि कॉर्ड फाटतो. नवख्यांच्या चार्टमध्ये ही चूक हमखास सापडते.

मग सवाल-जवाब. सॅक्सला दोन बारांची ओळ द्या, तिच्या शेवटी खरा विराम लिहा, आणि त्या विरामातच ब्रासचे दोन-तीन स्वर बसवा. ब्रास आधी शिरला की दोन्ही ओळी गढूळ होतात. तीन ट्रंपेटचे स्वर एकमेकांना लागून, दोन ट्रॉम्बोन खाली, एवढा ब्रास पुरतो. 'किंग पोर्टर'चा शेवटचा कोरस (चालीचं एक आवर्तन) पेन घेऊन ऐका: सगळा जोर या देवाणघेवाणीत आहे. ती चाल मुळात पियानोवादक जेली रोल मॉर्टनची. पट्टी ए फ्लॅटमधून डी फ्लॅटमध्ये गेल्यावर सोलो ओळीने येतात आणि सवाल-जवाब अगदी शेवटी. पहिल्याच कोरसला सगळा बँड पेटवलात तर चढायला जागाच उरत नाही.

(मुंबईच्या ताजमध्ये 1935 ला अमेरिकन लिऑन ॲबीचा जॅझ बँड आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड. गोव्याच्या वादकांनी हे संगीत तिथे जवळून ऐकलं. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रंपेट आठवून पाहा.)

ऐकताना नावं तपासा. 'बिग जॉन स्पेशल' धाकटा भाऊ होरेसचं आहे, 'डोंट बी दॅट वे' एडगर सॅम्पसनचं. दोन्ही सर्रास फ्लेचरच्या नावावर खपतात.

तालमीत बहुतेक बँड स्वर बरोबर वाजवतात आणि लांबीत मार खातात. ओळीचा शेवटचा स्वर तोडायचा की धरायचा, हे प्रत्येक पार्टवर टिंब किंवा आडवी रेघ देऊन लिहा, आणि श्वासाची जागा लीडने ठरवावी. टेम्पो (गती) चढला की आठव्यांचा (अर्ध्या ठोक्याच्या स्वरांचा) झोका कमी करा. गिटार ॲम्प्लिफायरशिवाय, बारात चार ठोके. बासही चार, बोटांनी. ड्रमरला पाय हलका ठेवायला सांगा. आधी चार सॅक्सना तालवाद्यांशिवाय बसवा, त्यांची ओळ एकट्याने डुलू लागली की मगच ब्रास आत घ्या.