साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दर पावसाळ्यात भिंतीला काळी बुरशी येते. मालक म्हणतात, खिडक्या उघडत नाही म्हणून. खरं कारण कसं शोधायचं?

‘खिडक्या उघडत नाही म्हणून’ एवढं वाचलं आणि हातातलं काम बाजूला सारून लिहायला बसलोय. माझ्या मालकांचं वाक्य जरा वेगळं होतं, ‘ओले कपडे आत वाळत घालता, मग दुसरं काय होणार?’ चाल तीच. घर त्यांचं, भाडं त्यांना, आणि बुरशी मात्र आपली.

मी मूळचा जत तालुक्यातला. आमच्याकडं प्यायचं पाणीच टँकरनं यायचं, भिंतीला ओल कुठनं येणार? सांगलीत मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशेब बघतो. २०१९ च्या दिवाळीनंतर कर्नाळ रोडच्या बाजूला तळमजल्यावर वन बीएचके घेतला. ऑगस्टचा महापूर होऊन तीनच महिने झालेले. आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्यामुळं पाणी आत आलं होतं का, हेच मी पहिल्यांदा विचारलं. मालक म्हणाले, "पायरीला लागून गेलं. आत थेंब नाही." घर नुकतंच रंगवलेलं. खाली छातीएवढ्या उंचीपर्यंत पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, वर पांढरं डिस्टेंपर. बायको दारातच म्हणाली, या नव्या रंगाच्या वासाखाली दुसराच कसला तरी वास आहे. मी म्हटलं, तुला सगळीकडंच वास येतो.

संक्रांतीच्या सुमारास ऑइलपेंटला फुगे यायला लागले. नखानं दाबला की फुगा फुटायचा आणि आतून गिलाव्याचा ओला भुगा बोटाला लागायचा. ऑइलपेंट जिथं संपतो त्याच्या वर काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. महिन्याभरात ठिपक्यांचा वीतभर रुंद पट्टा झाला आणि तो हॉलमधून बेडरूममध्ये, तिथून किचनच्या मधल्या भिंतीवर गेला. मालक आले, दोरीवर बाळाची दुपटी बघितली आणि निकाल देऊन गेले.

आणि मी तो मानला. इथं मला खरी बोच आहे. बाळ चार महिन्यांचं. मी बायकोला सांगितलं, आतली दोरी काढ, कपडे गच्चीवर नेऊन घाल. तीन जिने, लिफ्ट नाही. ती महिनाभर बादली घेऊन चढली. पट्टा हलला नाही. उलट लॉकडाऊन लागलं आणि आम्ही तिघं चोवीस तास त्या पट्ट्यासमोर.

लॉकडाऊन लागायच्या आधीच एकदा दुकानात विषय निघाला होता. आमच्याकडं हळद, गूळ, बेदाणा असतो, ओल म्हणजे थेट नुकसान. पोती कधी भिंतीला टेकवून लावत नाहीत, खाली लाकडी फळ्या, मागं हात जाईल एवढी जागा. आमचा म्हातारा हमाल ऐकून घेऊन म्हणाला, "सायेब, पाणी खालनं चढतंय, का वरनं उतरतंय, का आतच बसलंय, ते आधी बघा. कापडाचं मागनं बघू." तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे. इंजिनिअरला पैसे देऊनही यापेक्षा वेगळं ऐकायला मिळत नाही.

त्याच्याच सांगण्यावरून दुकानातल्या प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावला. दोन दिवसांनी बघायचं. खोलीकडच्या बाजूला दव साचलं तर हवेतली वाफ, म्हणजे मालक बरोबर. भिंतीकडच्या बाजूला साचलं तर पाणी भिंतीत आहे. आमच्या प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला थेंब होते, बाहेरून कोरडं. मालकांना दाखवलं तर म्हणाले, सांगलीची काळी माती, जमिनीतनं ओल येतेच. पण जमिनीतनं चढणारी ओल गुडघा-मांडीपर्यंत येते, फार तर कंबरेला, आणि तिची वरची कड वेडीवाकडी असते. आमचा पट्टा छातीच्या वर आणि लेव्हल लावून आखल्यासारखा सरळ. मधल्या भिंतीवरसुद्धा, जिच्यात ना नळ ना पाईप.

उलगडा झाला तो वायरमनमुळं. खालचा प्लग ठिणग्या मारायला लागला म्हणून त्यानं बॉक्स उघडला, तर आत वाळलेला गाळ. वस्त्रगाळ, हळदीच्या पुडीसारखा, फक्त रंग राखाडी. कृष्णेचा. मी म्हटलं, आता वरचा बोर्डही उघड. साडेचार फुटांवरच्या बोर्डातही गाळ. त्याच्या वरच्या ट्यूबलाइटच्या जोडात काही नाही. मग मागच्या कंपाउंडला गेलो, तिथली भिंत कुणी रंगवलेली नव्हती, पुराची रेघ स्पष्ट. गवंड्याकडनं लेव्हलची पारदर्शक नळी आणली (पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर थांबतं), एक टोक त्या रेघेला, दुसरं खिडकीतून बेडरूममध्ये. पाणी ठरलं तिथं पेन्सिलनं खूण केली. बुरशीच्या पट्ट्याच्या वरच्या कडेपासून दोन बोटं फरक. खालची कड ऑइलपेंटची होती, वरची पुराची. पाच फूट पाणी पिऊन बसलेल्या विटांना मालकांनी तीन महिन्यांत बाहेरून पुट्टी आणि आतून ऑइलपेंट लावून बंद केलं होतं. ओल बिचारी जाणार कुठं? रंग जिथं संपतो तिथनं बाहेर. गिलावा विटेपर्यंत खरवडून एक उन्हाळा भिंत उघडी ठेवायला हवी होती. पण उघड्या विटांच्या घराला भाडेकरू कोण मिळतंय.

हे सगळं मोबाईलवर फोटो काढून त्यांना दाखवलं. उत्तर काय आलं असेल? "पूर काय, सगळ्यांनाच आला होता." अकरा महिने पूर्ण करून निघालो तेव्हा २५,००० डिपॉझिटमधले ९,००० रंगासाठी म्हणून कापले.

आता तुमचं. दुसरा मजला, साताऱ्यात, म्हणजे पुराचा विषय नाही, मान्य. तरी बघायची पद्धत तीच. रंगाचा डबा आणायच्या आधी आठवडाभर नुसती भिंत वाचा. डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा. छताला तपकिरी कडेचा गोल डाग असेल तर वरच्यांची नहाणी. पावसाशी संबंध नसतो, त्यांच्या आंघोळीशी असतो. वरच्यांना गोडीनं विचारा, नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून फरशीवर रंगाचं पाणी एक दिवस साठवून द्या म्हणावं, खाली रंग उतरला की वाद मिटला. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा, काटा फिरत असेल तर पाईप गळतोय. साताऱ्यात झडीचा पाऊस पश्चिमेकडनं मारतो, त्यामुळं पश्चिमेची भिंत असेल तर बाहेरून चीर, छज्ज्याचा जोड, खिडकीची खालची कड बघा. पांढरं दिसत असेल तर ती बुरशी असेलच असं नाही, लोणा असेल, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतनं बाहेर आलेला क्षार. पाण्याचा फवारा मारा, विरघळला तर लोणा. तोही ओलीचाच पुरावा, फेकू नका. आणि कोपऱ्यात किंवा कपाटामागंच येत असेल, बाकी भिंत कोरडी असेल, तर मात्र वाफ.

त्या वाफेबद्दल एक कबूल करायला हवं. मालकांशी भांडायला म्हणून मी हिशेब मांडला होता, तो माझ्याच अंगावर आला. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत जातं. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत बावीसेक लिटर. त्यात भात, आंघोळी, दुपटी. म्हणजे कपडे आत वाळवले की बुरशीला मदत होते हे खरं आहे. फक्त आमच्याकडं ते कारण नव्हतं. आणि ‘खिडक्या उघडा’ हे थंडीत बरोबर; भर पावसात खिडकी उघडली तर बाहेरची ओली हवाच आत येते. तेव्हा किचनचा एक्झॉस्ट लावा, पंखा चालू ठेवा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. बुरशीवरून नुसता रंग मारू नका, पुढच्या पावसात रंगासकट परत येते. खरवडताना तोंडाला मास्क आणि पोरांना बाहेर काढा. आमच्या बाळाला त्या घरात खोकला होता, तो बुरशीमुळंच होता असं छातीठोक सांगत नाही, तो थांबला तेव्हा घर बदललं होतं आणि पावसाळाही संपला होता.

लिव्ह अँड लायसन्सच्या करारात दुरुस्ती कुणाकडं हे लिहून घ्या, आणि राहायला जायच्या दिवशी भिंतींचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. मी पाठवले नव्हते. ९,००० त्याचेच गेले.

जाता जाता. आता आम्ही विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या जुलैत बेडरूमच्या कपाटामागं काळे ठिपके दिसले. प्लॅस्टिक लावलं, दव खोलीकडच्या बाजूला. कपाट भिंतीला चिकटवून मीच ठेवलं होतं. यार्डात पोत्याला सोडतो तेवढी जागा घरात कपाटाला सोडली नव्हती. बायकोनं प्लॅस्टिक काढलं, घडी घातली आणि काही न बोलता दोरी आत बांधली. जुन्या मालकांना मात्र हे सांगायची गरज नाही.