'मेरीमातेची पूजा' : हा शब्द चालेल का?

प्रश्न असा आहे : "एका लेखात मी 'कॅथलिक लोक मेरीमातेची पूजा करतात' असं लिहिलं. एका कॅथलिक स्नेह्यांनी 'पूजा' खोडून 'भक्ती' करायला सांगितलं. मूर्तीपुढे मेणबत्त्या, फुलं, गुडघे टेकणं हे सगळं असताना ती पूजा नाही तर काय? १५ ऑगस्टच्या सणाला मी 'मेरीचं स्वर्गारोहण' म्हटलं, त्यालाही त्यांची हरकत. हा निव्वळ शब्दच्छल नाही का?"

नाही. दोन्ही ठिकाणी तुमच्या स्नेह्यांचं बरोबर आहे. तरी 'पूजा' लिहिण्यात तुमचा दोष फारसा नाही, कारण आपला हा शब्द भलताच ऐसपैस आहे. ग्रंथपूजा, शस्त्रपूजा, विभूतिपूजा हे सगळं त्यात बसतं. वडीलधाऱ्यांना आपण 'पूज्य' लिहितो तेव्हा त्यांना देव मानतो असं कुणी समजत नाही. पण 'अमुक धर्माचे लोक तमुकाची पूजा करतात' असं वाक्य आलं की मराठी वाचक सरळ एकच अर्थ घेतो : तमुक हे त्यांचं दैवत. नेमकं हेच कॅथलिक श्रद्धेत बसत नाही. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत, पण एकच. मेरी ही त्या देवाने निर्माण केलेली माणूस. इ.स. ४३१च्या एफेससच्या धर्मपरिषदेने तिला 'देवमाता' म्हणायला मान्यता दिली. तिथेही वादाचा मुद्दा येशू कोण हा होता. तिच्या पोटी जन्मला तो देवच असेल तर तिला देवमाता म्हणणं भाग आहे, असा तो युक्तिवाद. त्याने ती देवी ठरत नाही.

एकच शब्द दोन गोष्टींना पुरवावा लागतो, ही अडचण आपलीच नाही. ग्रीकमध्ये दोन शब्द होते. 'लात्रेइया' म्हणजे फक्त देवाला द्यायची सेवा, आणि 'दुलेइया' म्हणजे दासाने धन्याची करावी तशी सेवा. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिन लॅटिनमध्ये लिहीत होता. 'लात्रेइया'ला आमच्या भाषेत एका शब्दात प्रतिशब्द नाही, असं तो स्पष्ट सांगतो. लॅटिनचा 'कुल्तुस' (सेवा, मान) हा शब्द माणसांनाही लागतो, मग देवापुरतं काय म्हणायचं? 'पूजा'बाबत आपण अडलो आहोत तिथेच तो अडला होता. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस आणि इतर धर्मपंडितांनी वाटणी पक्की केली : देवाला 'लात्रिया', संतांना 'दुलिया', आणि मेरीला संतांहून वरचढ मान म्हणून 'हायपरदुलिया'. शेवटचा शब्द कितीही भारदस्त वाटला तरी तो 'दुलिया'च्याच घरातला आहे, 'लात्रिया'ची वरची पायरी नव्हे. (जाता जाता : 'दुलिया'चं शब्दशः मराठी 'दास्य' होईल. आपल्या नवविधा भक्तीत दास्य देवाचंच असतं, म्हणून तो शब्द इथे वापरला तर घोटाळा वाढेल.)

भाषांतराने या बाबतीत एकदा चांगलाच गोंधळ घातला आहे. प्रतिमांना मान द्यावा की नाही यावर इ.स. ७८७ मध्ये नायसिया इथे दुसरी परिषद भरली. तिने ग्रीकमध्ये नीट फरक केला : प्रतिमांना आदराचं 'प्रोस्किनेसिस', म्हणजे लवून केलेलं वंदन, लात्रेइया मात्र देवालाच. तो मजकूर लॅटिनमध्ये नेणाऱ्याने 'प्रोस्किनेसिस'ला 'आदोरात्सिओ' हा शब्द दिला, आणि त्याचा अर्थ आराधनेकडे झुकणारा. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात ते वाचून लोक खवळले : हे तर चित्रांची आराधना करा म्हणताहेत! इ.स. ७९४ मध्ये फ्रँकफर्टच्या धर्मसभेने त्याचा निषेधही केला. नवव्या शतकात रोममधल्या अनास्तासियस या ग्रंथपालाने नवं भाषांतर केलं आणि आधीचं शब्दाला शब्द लावून केलेलं असल्याने कळतच नव्हतं, अशी तक्रार नोंदवली. 'पूजा' हा तुमचा 'आदोरात्सिओ' आहे.

आता मेणबत्त्या आणि गुडघ्यांचा मुद्दा. बाह्य कृतीवरून फरक ओळखायला गेलात तर फसाल. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, धूप दाखवतात तेव्हा तो वेदीला दाखवतात, क्रुसाला दाखवतात, पुरोहिताला दाखवतात आणि समोर जमलेल्या सगळ्या भाविकांनाही दाखवतात. भाविकांची पूजा चालली आहे असं कुणी म्हणणार नाही. फरक शोधायचा तो दोन ठिकाणी.

एक, बलिदान कुणाला अर्पण होतं. मिस्सा म्हणजे ख्रिस्ताच्या बलिदानाचा विधी, आणि तो फक्त देवालाच अर्पण करतात, मग सण मेरीचा असो की एखाद्या संताचा. ऑगस्टिननेच विचारलं होतं : हुतात्म्याच्या कबरीवरच्या वेदीपुढे उभा राहूनसुद्धा 'पेत्रा (संत पीटर), हे बलिदान तुला' असं म्हणणारा पुरोहित कुणी ऐकला आहे का? त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, मेरीला भाकरीचा नैवेद्य दाखवणाऱ्या काही स्त्रियांबद्दल एपिफानियस या बिशपने लिहून ठेवलंय. मेरीला मान द्या, आराधना मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचीच, असं त्याने बजावलं. म्हणजे तुमच्या लेखावर आलेली हरकत सोळाशेहून अधिक वर्षं जुनी आहे.

दुसरं ठिकाण मला भाषेच्या दृष्टीने जास्त रंजक वाटतं : मागणं काय आहे ते पाहा. संतांच्या नावांची जी लांबलचक प्रार्थना म्हणतात, तिच्यात देवाला 'आमच्यावर दया कर' म्हणतात आणि मेरीपासून पुढच्या प्रत्येक नावाला 'आमच्यासाठी विनंती कर'. क्रियापद बदलतं, तिथेच सगळा धर्मसिद्धान्त दिसतो. 'नमो मारिया' ही प्रार्थनाही तशीच आहे. तिचा पूर्वार्ध बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, म्हणजे देवदूताचं अभिवादन आणि मेरीची नातलग एलिझाबेथ हिचे शब्द. उत्तरार्धात 'आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी विनंती कर' एवढंच मागणं. म्हणून 'मेरीकडे प्रार्थना करतात' हे वाक्य चुकीचं नसलं तरी अर्धवट आहे. 'मेरीला विनवतात' हे अधिक नेमकं.

मग लिहायचं काय? 'वंदन' निर्धास्त वापरा, 'सन्मान'ही चालेल, जरा कोरडा वाटतो. मला 'भक्ती'च पसंत आहे. मातृभक्ती, गुरुभक्ती, देशभक्ती यांमुळे तिला देवाखेरीज इतरांची सवय आहे, आणि तिच्यात जिव्हाळाही आहे, जो 'सन्मान'मध्ये नाही. 'आराधना' मात्र मेरीच्या नावाला जोडू नका. मराठी कॅथलिक मंडळी तो शब्द देवासाठी राखून ठेवतात. पवित्र साक्रामेंताची, म्हणजे मिस्सात अर्पण केलेल्या भाकरीची, आराधना म्हणतात, कारण तिच्या रूपात ख्रिस्त खरोखर हजर आहे अशी श्रद्धा आहे. 'उपासना'ही टाळा, ती चर्चच्या सामुदायिक विधींना लागते. एक अपवाद : शुभ शुक्रवारी क्रुसाचीही 'आराधना' होते, त्या विधीचं नावच तसं आहे. तिथे ती लाकडाची नसते, त्यावर मेलेल्याची असते.

आता स्वर्गारोहण. आरोहण म्हणजे स्वतः चढणं. येशू स्वतःच्या सामर्थ्याने स्वर्गात गेला, म्हणून त्याच्या सणाला तो शब्द चपखल बसतो. तो सण परंपरेने ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी येतो. मेरी गेली नाही, तिला देहासकट नेलं गेलं. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये ही श्रद्धा अधिकृतपणे जाहीर केली तेव्हाचा लॅटिन शब्दही 'उचलून घेतली गेली' असाच कर्मणी आहे. तेव्हा १५ ऑगस्टसाठी 'स्वर्गोन्नयन' लिहा, किंवा सरळ 'मेरीला स्वर्गात घेतल्याचा सण' म्हणा.