देशभर काम असलेल्या स्वयंसेवी संस्थेत डिजिटल मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं प्रमुखपद मिळतंय. आयटी सोडून जावं का?

तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं प्रॉडक्टमध्ये काढलीत, मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेने बोलावलंय, पगार चाळीस टक्क्यांनी कमी होणार, आणि हे काम नेमकं असतं काय ते कुणी सांगेल का. मी हेच काम सहा वर्षं केलं. त्याआधी मीही तुमच्यासारखीच, बँकांसाठी सॉफ्टवेअर करणारी. त्यामुळे जमेल का, तर जमेल. एवढ्यावर उत्तर संपलं असतं. पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘ॲप, डॅशबोर्ड, रिमाइंडर वगैरे उभं करणं तर माझं रोजचंच आहे.’ ते ‘रिमाइंडर वगैरे’ वाचलं आणि राहवेना.

आमचं ऑफिस चेंबूरला होतं. फोनवरचं समुपदेशन हा कार्यक्रमाचा कणा, जोडीला चॅट, आणि ॲप ‘येतंय, येतंय’ अशा अवस्थेत. अडचण अशी होती की लोक पहिला फोन करायचे, मोकळे व्हायचे, पुढच्या आठवड्याची वेळ ठरवायचे आणि त्या वेळी उचलायचेच नाहीत. मी बँकेतून आलेली. मला यात अवघड काही दिसेना. आदल्या दिवशी एसएमएस टाका, लोक लक्षात ठेवतील. डीएलटीवर, म्हणजे संस्था-कंपन्यांच्या एसएमएसची आधी नोंदणी करावी लागते त्या यंत्रणेवर, टेम्प्लेट (मजकुराचा ठरलेला साचा) नोंदवलं, हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, संस्थेचं घेतलं, मजकूर मी स्वतः लिहिला: ‘नमस्कार, आपले समुपदेशन सत्र उद्या दु. ३ वाजता आहे.’ शुद्धलेखनसुद्धा दोनदा तपासलं.

आमच्याकडे एक सीनिअर समुपदेशक होत्या, वीसेक वर्षं वस्त्यांमधून फिरलेल्या. त्यांना सगळे नुसतं ताई म्हणायचे. त्यांनी मजकूर वाचला आणि विचारलं, ‘हा मेसेज कुणाच्या हातात पडणार?’

मी म्हटलं, ‘ज्यांनी फोन केला त्यांच्या. डॉक्टरच्या अपॉइंटमेंटचा येतोच की ताई.’

‘डॉक्टरकडे गेलेलं घरात सांगता येतं,’ त्या म्हणाल्या. मी हसून विषय बदलला. मीटिंगमध्ये पुढे अजून अकरा मुद्दे होते.

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधली एक बाई दर मंगळवारी दुपारी फोन करायची. (तिने हे पुढे सांगायला हरकत नाही म्हटलं होतं, तरी ओळख लागेल असे तपशील मी बदललेत.) घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवायचं काम. फोन नवऱ्याचा जुना, सिम त्याच्याच नावावर, आणि दिवसभर तो असायचा मुलाकडे, गेम खेळायला. मुलगा चौथीत. तेव्हा त्याला दिसेल ते मोठ्याने वाचायचा नाद लागला होता, दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, सगळं. सोमवारी संध्याकाळी घरात सासू, नणंद, नवरा असताना माझा शुद्ध मराठीतला मेसेज आला. पोराने तो बोट फिरवत, अक्षर अक्षर जोडत वाचला. स, मु, प, दे, श, न. आणि विचारलं, ‘मम्मी, उद्या तुझं समुपदेशन आहे? म्हणजे काय?’

पुढचे तीन मंगळवार तिचा फोन नाही. आम्ही केला की कट व्हायचा. आमच्या डॅशबोर्डवर ती ‘ड्रॉप-आउट’ या लाल रकान्यात गेली. चौथ्या आठवड्यात तिने शेजारणीच्या फोनवरून ताईंना गाठलं. मारहाण वगैरे काही झालं नव्हतं, हे आधी सांगते, कारण मी ही गोष्ट सांगितली की लोक तेच धरून चालतात. झालं होतं ते असं, की आता तिच्या हातून पातेलं जरी जोरात ठेवलं गेलं तरी नणंद म्हणायची, ‘हिची वेळ घ्या रे उद्या तीनची.’ आणि सगळे हसायचे. नवरासुद्धा. ज्या घरात ती नुसती चिडकी होती, तिथे ती आता येडी ठरली होती.

मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७. त्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. आमच्या धोरणाच्या फाइलीत ते कलम ठळक अक्षरांत छापलेलं होतं. रेकॉर्ड एन्क्रिप्ट केलेलं, पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, ऑडिटला पैकीच्या पैकी. आणि बिंग फुटलं चौथीतल्या पोराच्या वाचनाने.

ताई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी नोंदणीच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न घातले. ‘हा फोन कोण कोण वापरतं?’ आणि ‘मेसेज आला तर त्यात काय लिहिलेलं चालेल?’ त्या बाईने सांगितलं, ‘शिवण क्लास लिहा.’ झालं, इथून दुसरी लढाई. एसएमएसचा नुसता मजकूर बदलून चालत नाही, टेम्प्लेट नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं. आमचं दोनदा परत आलं. मंजूर झालं तेव्हा ऑडिटर विचारायला आले, की मॅडम, संस्था शिवण क्लास कधीपासून चालवते आणि त्याचं उत्पन्न कुठे दाखवलंय. (त्यांची काही चूक नाही. मलाही हसू आलं.) शेवटी ताईंनी तोडगा काढला. दुपारी अडीच वाजता एक रिंग द्यायची आणि कट करायचं. बाईला फुरसत असेल तर ती उलट फोन करील. मिस कॉल. त्याला ना टेम्प्लेट लागलं ना व्हेंडर. लोक पुन्हा यायला लागले.

आणि आमचे तेव्हाचे संचालक. त्यांचं म्हणणं, फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढला की माणसं अर्ध्यात सोडून जातात, हे दोन प्रश्न काढा. मी म्हटलं, काढणार नाही. ते फंडरच्या माणसांसमोर म्हणाले, ‘तुम्ही लोक गोष्टी स्केल होऊ देत नाही.’ तुम्ही लोक! बारा वर्षं मी बँकांचे लाखो व्यवहार चालवत होते आणि हे मला स्केल शिकवणार. भांडण दीड वर्ष चाललं, प्रश्न मी काढू दिले नाहीत. पुढे एका कार्यक्रमात त्यांनी तेच दोन प्रश्न ‘आमचा यूजर-सेंट्रिक निर्णय’ म्हणून स्लाइडवर लावले. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. सर, हे वाचत असाल तर, त्या स्लाइडवर ताईंचं नाव हवं होतं.

असो. तुमचा प्रश्न.

काम काय असतं? ॲप बनवणं हा त्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. माझं स्पष्ट मत, पहिलं वर्ष ॲपचं नावच काढू नका. मानसिक आरोग्याच्या ॲप्सवर २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इन्स्टॉल केल्यानंतर पंधराव्या दिवशी ॲप उघडणाऱ्यांचं प्रमाण मध्यकाने ३.९ टक्के निघालं, तिसाव्या दिवशी ३.३. शंभर जणांनी घेतलं तर महिन्याने तीन-चार उरतात. तरी दर तिमाहीच्या रिपोर्टात पहिला आकडा डाउनलोडचाच मागतात. मागणाऱ्यालाही माहीत असतं आणि देणाऱ्यालाही.

खरं काम आहे ते भाषेचं. उदासी मोजायची पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी तुमच्या पहिल्याच आठवड्यात टेबलावर येईल. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, असं विचारून शून्य ते तीन गुण द्यायचे, बेरीज सत्तावीसपर्यंत. इंग्रजीत ठीक. आमच्याकडे ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ हा पर्याय वाचला की माणूस बोटं मोजायला लागायचा, ‘पंधरातले अर्धे म्हणजे साडेसात, मग आठ धरू का?’ तोवर मघाचं रडू कुठल्या कुठे. आणि ‘नैराश्य’ हा शब्द ऑफिसात सोडून कुणी वापरत नाही हो. लोक म्हणतात करमत नाही, डोकं जड झालंय, जीव लागत नाही कशात, अंगात त्राणच नाही. गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा चार फोन नुसतं पोट साफ होत नाही म्हणून बोलत राहिले, पाचव्या फोनला बायको गेल्याचं सांगितलं. चॅटबॉटने त्यांना पहिल्याच फेरीत इसबगोल सुचवलं असतं.

आणि नववा प्रश्न. तो मरणाच्या विचारांबद्दल आहे. तो स्क्रीनवर टाकण्याआधी ठरवा की रात्री पावणेदोनला कुणी ‘जवळजवळ रोज’वर बोट ठेवलं, तर तुमच्याकडे कोण जागं आहे. कुणी नसेल तर तो प्रश्न असा उघड्यावर टाकू नका, आणि १४४१६ हा नंबर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ठेवा.

१४४१६ म्हणजे टेलि-मानस, सरकारची फुकट, चोवीस तासांची लाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. इंटरव्ह्यूत त्यांना हेच विचारा, की ती असताना आपली वेगळी लाइन कशासाठी? ज्यांच्याकडे उत्तर असतं ते पटकन देतात: आम्ही एकाच समुपदेशकाकडे सहा वेळा बोलू देतो, किंवा आम्ही वस्तीत जाऊन केस पुढे नेतो, असं काहीतरी. इथेच देवनारला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही हेल्पलाइन २०१२ पासून फोन आणि ईमेलवर समुपदेशन करतेय, म्हणजे ‘भारतात पहिल्यांदाच’ असं प्रपोजलमध्ये दिसलं तर सावध व्हा. आमच्याही होतं. मीच लिहिलं होतं.

डेटाबद्दल एकच. अमेरिकेतल्या क्रायसिस टेक्स्ट लाइन या ना-नफा संस्थेने संकटातल्या लोकांच्या संभाषणांचा डेटा, नावं काढून का होईना, आपणच काढलेल्या एका नफ्याच्या कंपनीला दिला होता. जानेवारी २०२२ मध्ये ते छापून आलं आणि काही दिवसांत त्यांना ते बंद करावं लागलं. वाईट माणसं नव्हती ती. आपल्याकडेही कुणीतरी ‘नावं काढून दिलं तर काय बिघडतं’ म्हणत येईलच, बहुतेक एआयवाला असेल. तेव्हा नाही म्हणायची ताकद तुमच्या पदाला आहे का, की तो निर्णय वर होतो, हे विचारून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर पहिली कुऱ्हाड सुपरव्हिजनवर पडते. दिवसाला सहा-सात जणांचं ऐकून समुपदेशक घरी जातात. त्यांचं ऐकायला कुणीतरी वरिष्ठ लागतं. फंडर त्याला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतात. परदेशी पैशांतून प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, २०२० आधी ही मर्यादा ५० होती. सीएसआरमधली, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी देतात त्या पैशांतली, पाच टक्क्यांची मर्यादा मात्र कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, संस्थेच्या नाही. तरी मीटिंगला आलेले निम्मे लोक ती तुमच्याच गळ्यात बांधतात. नियम छापून सोबत ठेवा. मी पिशवीत ठेवायचे.

आता थोडं मागे येते, नाहीतर तुम्हाला वाटेल मला मोबाइलचंच वावडं आहे. कॉलेजातली मुलं फोनवर तोंड उघडत नाहीत आणि रात्री अकराला चॅटवर पानंच्या पानं लिहितात, हे मी पाहिलंय. त्यांच्यासाठी चॅटच बरं. नाशिकच्या पेठ तालुक्यात आत्मीयता नावाच्या प्रकल्पात गावातल्याच लोकांनी शेजारीपाजारी बसून स्मार्टफोनवर छोट्या फिल्म दाखवल्या, तेही मला पटतं, कारण तिथे फोन कुणाच्या हातात आहे ते ठाऊक होतं. आणि माझा अनुभव एका संस्थेचा, एका शहराचा. देशभराचं काम म्हणजे बिहारमध्ये, आसाममध्ये काय होतं ते मी चेंबूरमध्ये बसून एक्सेलमध्येच बघायचे.

इंटरव्ह्यूला जाल तेव्हा बाकी काही विचारलं नाहीत तरी त्यांना एवढं म्हणा, की तुमचा रिमाइंडर मेसेज जसाच्या तसा दाखवा.

पगाराचं राहिलंच. चाळीस टक्के कमी म्हणताय ते पीएफ धरून की सोडून, ते बघा. आणि तुमचं पद कुठल्या ग्रँटवर आहे, ती कधी संपते, नंतर पैसे कुठून येणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. माझी ग्रँट ३१ मार्चला संपली, मला २६ मार्चला कळलं.