उपास असूनही काटा पुढेच

प्रश्न : सोमवार, गुरुवार आणि एकादशी असे उपास धरते, तरी वर्षभरात वजन वाढलंच. असं का? – एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, उपासाच्या ताटाचा हिशेब एकदा मांडून बघा. एका माणसाच्या खिचडीत कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट ४० ग्रॅम, तूप दीड मोठा चमचा आणि अर्धा बटाटा धरला, तरी सातशेच्या आसपास कॅलरी होतात. ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी, वाटीभर पातळ आमटी आणि पालेभाजी यांच्या सहाशेही भरत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं नावालाच, म्हणून दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. मग दाण्याचा लाडू, वेफर्स, साखरेचा चहा. दुसऱ्या दिवशी उपास सोडताना गोडधोड असतंच!

उपास सोडू नका, ताट बदला. भगर ४० ग्रॅम कोरडी मोजून घ्या. दाण्याची आमटी करा, पण माणशी कूट १५ ग्रॅमच. सोबत काकडी आणि मोठा पेला ताक. संध्याकाळी उकडलेलं मध्यम रताळं किंवा एखादं फळ. तूप दिवसभरात दोन छोटे चमचे. कडक उपासानंतर सकाळी काटा किलोभर खाली दिसला, तर ते बहुतेक पाणी असतं. जेवण सुरू झालं की परत येतं. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच करा, तेही उपासाच्या दुसऱ्या दिवशी नको.

आणखी एक. कडक भाकरी हलकी म्हणून चार-पाच खाल्ल्या जातात. वाळताना तिच्यातलं फक्त पाणी जातं, पीठ तेवढंच राहतं. शेंगाचटणीही जपून : सपाट दोन छोटे चमचे म्हणजे पन्नासेक कॅलरी, आणि वर तेल ओतलंत तर एका मोठ्या चमच्याच्या १२० वेगळ्या.

प्रश्न : मधुमेहाची गोळी चालू आहे. सोळा तास उपाशी राहण्याची पद्धत सुरू करू का? – एक ज्येष्ठ वाचक, होटगी रोड

काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टळलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं की उपास लगेच मोडा. तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाचीच दुसरी गोळी घेणाऱ्यांना लांबलेल्या उपासात अंगातलं पाणी कमी होण्याचा आणि रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्यं) वाढण्याचा धोका असतो. गोळी बदलायची की वेळ, हे ठरल्यावरच पुढचं.

प्रश्न : यंत्रमागावर दिवसभर उभाच असतो, तरी पोट सुटलंय. – एक कामगार, अक्कलकोट रोड

उभं राहण्यात बसण्यापेक्षा थोडीच जास्त ऊर्जा खर्च होते. शिवाय पाळीत चार-पाच गोड चहा आणि भजी होत असतील, तर खर्च झालेलं दुपटीनं भरून निघतं. आधी टेपनं कंबर मोजा, श्वास सोडून, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायला हवं. आठवड्यात १५० मिनिटं भरभर चाला : बोलता यावं, गाता येऊ नये, इतका वेग. दोन दिवस बैठका आणि भिंतीला टेकून जोर, प्रत्येकी दहाच्या तीन फेऱ्या. गुडघा दुखत असेल तर बैठकांऐवजी खुर्चीवरून ऊठबस. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरका. रात्रपाळी असेल तर झोप झाल्यावर, संध्याकाळी ऊन उतरलं की चाला.