पहिल्यांदा कुटुंबासह चर्चच्या शिबिराला येताय?

ताई, मुलं लहान आहेत म्हणून थांबू नका, या. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा 42 अंशांच्या वर जातो, त्यामुळे मोठी पाण्याची बाटली, ओआरएस आणि सुती चादर आधी भरा.

पहिल्या वर्षी आम्ही पहाटेच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या साक्षींपर्यंत (लोक आपले देवाचे अनुभव सांगतात ते) एकही सत्र सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी धाकटा तापाने फणफणला, आम्ही दोघं एकमेकांवर खेकसत होतो. दुपारचं सत्र खुशाल सोडा, मुलांना झोपवा. पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, समजून घेतात.

बाथरूमच्या रांगेचा वैताग येणारच, पहाटे लवकर उरका. आणि पहिल्याच संध्याकाळी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी थापायला जाऊन बसा. तुमचे हात पिठात असतात, तुमच्या लेकराला कुणीतरी मावशी मांडीवर घेऊन भरवते, शेजारी ढोलकीवर गीत सुरू होतं. ओळखी तिथेच होतात.